श्रोत्याचे स्थान : मराठी ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या प्रसारसाधनांचा एक विचार

धर्मसंस्थांच्या प्रसारकार्याचा इतिहास लिहिताना साधनांची यादी देण्याची एक रूढी पडून गेली आहे. छापखाना कोणत्या साली आला, पत्रिका किती निघाल्या, नियतकालिक कोणी चालविले, कीर्तनाचा उपयोग कोठे झाला, पुढे ध्वनिक्षेपण आणि चित्रफीत केव्हा आली, अशा क्रमाने हे लेखन जाते. या रूढीमागे एक गृहीत असते. संदेश हा एक व अविकारी. साधन म्हणजे केवळ पात्र. पात्र बदलले तरी आतील द्रव्य तेच. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या चारशे वर्षांकडे पाहिले असता हे गृहीत टिकत नाही. प्रत्येक वाङ्मयप्रकार आपल्याबरोबर श्रोत्याची एक विशिष्ट कल्पना घेऊन येतो. त्या श्रोत्याने प्रश्न विचारावयाचा की नाही, आक्षेप घ्यावयाचा की नाही, कंटाळल्यास उठून जावयाचे की नाही, हे त्या प्रकाराच्या घडणीतच ठरून गेलेले असते. म्हणून एखाद्या धर्मसंस्थेने कोणते साधन वापरले, एवढ्याने परीक्षण पुरे होत नाही. त्या साधनात श्रोत्याला जे स्थान असते ते तिने मान्य केले की नाकारले, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे पहिले व सर्वांत अवघड उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' हे होय. स्टीफन्स हे इंग्रज जेज्वित १५७९ मध्ये गोव्यास पोचले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात गेले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत आहे. पहिल्या पुराणात ३६ अवस्वर असून त्यांत जुन्या कराराची कथा येते, आणि दुसऱ्यात ५९ अवस्वर असून त्यांत ख्रिस्तचरित्र येते. ग्रंथाची ही स्थूल माहिती अभ्यासकांस परिचितच आहे. परंतु त्याच्या आरंभीच्या एका योजनेकडे जेवढे लक्ष जावयास हवे तेवढे गेलेले नाही.

पुराणाच्या पहिल्या अवस्वरात एक ब्राह्मण पाद्रीगुरूंस विनंती करतो. तुम्ही आमची पूर्वीची पुराणे बंद केली, मग त्यांच्या जागी आम्हांस त्या जातीचे दुसरे काही का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. या विनंतीचे उत्तर म्हणून सारे पुराण उभे राहते. पुराणवाङ्मयात प्रश्नकर्ता हा केवळ अलंकार नसतो. कोणीतरी विचारतो म्हणून कोणीतरी सांगतो, हा त्या प्रकाराचा पायाच आहे. स्टीफन्स यांनी तो पाया घेतला, आणि त्याबरोबर प्रश्न विचारणाऱ्याचे दुःखही ग्रंथात घेतले. हे दुःख काल्पनिक नव्हते. साष्टीतील देवळे १५६० नंतरच्या दशकात पाडली गेली होती, गोव्यात धर्मसमीक्षणसभा १५६० मध्ये स्थापन झाली होती, आणि देशी धर्मग्रंथ बाळगणे हा धोका झाला होता. ज्या सत्तेच्या आश्रयाने पाद्री पुराण सांगावयास बसले होते, त्याच सत्तेने श्रोत्याचे पहिले पुराण हिरावून घेतले होते.

येथे दोन टोकांचे अभिप्राय ऐकू येतात. एका मताने 'ख्रिस्तपुराण' हा दोन संस्कृतींचा सुंदर संगम आहे. दुसऱ्या मताने तो पुराणाचा वेष घेतलेला गळ आहे. पहिले मत सत्तेचे अस्तित्व विसरते, दुसरे मत ग्रंथाचे वाचनच करीत नाही. गळाला लावलेल्या आमिषाने 'माझे पूर्वीचे अन्न तुम्ही काढून घेतले' असे श्रोत्याच्या तोंडून वदवून घेतले नसते. स्टीफन्स यांनी तक्रार लपविली नाही, ती पुराणाच्या दाराशीच ठेवली. यामुळे सत्तेचा अन्याय धुतला जात नाही, हे खरेच. पण ग्रंथाचा पुढील स्वर या तक्रारीने बांधला गेला आहे. सांगणाराला श्रोत्याची जुनी अभिरुची, त्याची ओवीची सवय, वैकुंठ, मुक्ती यांसारखे त्याचे शब्द यांचे भान सतत ठेवावे लागते, कारण श्रोत्याने तुलनेचे माप आधीच पुढे केले आहे.

याच दृष्टीने ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेतील भाषाविषयक खुलासा पाहण्यासारखा आहे. देशातील भाषांमध्ये मराठी ही ईश्वरविषयक निरूपणास योग्य वाटली म्हणून ती निवडली, असे स्टीफन्स सांगतात. पण शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नाही, म्हणून पूर्वीच्या कवीश्वरांचे अवघड शब्द टाकून ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे गोव्याच्या कोंकणीतील, सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले आहेत, असेही ते स्पष्ट करतात. ग्रंथातील प्रसिद्ध भाषाप्रशस्तीची अवतरणे आजवर विपुल झाली. ही गद्य कबुली मात्र सहसा कोणी उद्धृत करीत नाही, आणि प्रसारसाधनाच्या विचारात तीच अधिक मोलाची आहे. प्रतिष्ठेची भाषा आणि कळण्याची भाषा यांत अंतर आहे, ते भरून काढण्यासाठी प्रतिष्ठेत थोडी तडजोड करावी लागते, आणि ती उघडपणे सांगण्यात कमीपणा नाही, असा हा विचार आहे. काव्याच्या दृष्टीने काही ओव्या यामुळे ओबडधोबड झाल्या. परंतु मंगळूरकडे स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती पिढ्यान् पिढ्या जपल्या गेल्या, आणि अशाच प्रतींच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांना १९०७ मध्ये मंगळूरहून त्याची आवृत्ती काढता आली. छापील प्रती नष्ट झाल्या, वाचून दाखविण्याची परंपरा राहिली.

लिपीच्या बाबतीत मात्र ग्रंथाचे नशीब उलटे ठरले. स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये आपल्या संघाच्या श्रेष्ठींना लिहिलेल्या पत्रात देशी भाषेतील पुस्तके देशी लिपीत छापली जावीत अशी इच्छा व्यक्त केली होती, आणि मलबारात असे मुद्रण होऊन तेथील ख्रिस्ती समाजाचा लाभ झाल्याचा दाखला दिला होता. खिळे पाडण्याचा खर्च व अडचण यांपुढे ही इच्छा सफल झाली नाही. पुराण रोमन लिपीत छापले गेले. या एका तांत्रिक निर्णयाने वाचकाचे वर्तुळ आखले गेले. पाद्रींच्या शाळेत रोमन अक्षरे शिकलेला मनुष्यच ते वाचू शके, इतरांनी ऐकावे. घाटावरच्या मराठी वाचकाला तर या ग्रंथाचे अस्तित्वही कळण्याचे कारण नव्हते. लंडनमधील मार्सडेन संग्रहात त्याची देवनागरी प्रत सापडली, तेव्हा तीच मूळ संहिता असावी असे जस्टिन अॅबट यांनी १९२० नंतरच्या दशकात मांडले. नंतरच्या अभ्यासकांपैकी अनेकांना ते मान्य झाले नाही. त्या प्रतीत पोर्तुगीज व लॅटिन शब्दांच्या जागी संस्कृत-मराठी शब्द घातलेले आढळतात, आणि हे काम मागाहून कोणी केले असण्याचा संभव अधिक दिसतो. तसे असेल तर ती घटना अधिकच अर्थपूर्ण ठरते. कारण मग श्रोत्यांपैकीच कोणीतरी ग्रंथ आपल्या लिपीत व आपल्या शब्दांत ओढून घेतला, असे म्हणावे लागेल. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती पुण्यास १९५६ मध्ये निघाली, म्हणजे मूळ ग्रंथानंतर ३४० वर्षांनी. मध्यंतरी १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि स्टीफन्स यांच्या पद्धतीचा मार्गच बंद केला. श्रोत्याची भाषा बंद करून त्याच्याशी बोलण्याचा हा प्रयत्न होता. त्यातून उल्लेखनीय असे काही निपजले नाही.

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनांचे साधन निराळे होते. मुंबई ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी १८२७ मध्ये स्थापन झाली, आणि पुढील काळात लहान लहान पत्रिकांचा वर्षाव झाला. पत्रिका ही मुळात एकमार्गी वस्तू. ती हातात दिली जाते, देणारा पुढच्या गावी जातो. तिच्यातही संवाद असतात, पण त्यांतला आक्षेपक आपले काम संपताच निरुत्तर व्हावयाचा असतो. या पत्रिकांच्या ढिगातून वाङ्मय म्हणून फार थोडे उरले. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७) उरले, त्याचेही कारण तेच. ज्या प्रकरणांत यमुना व विनायक यांना भेटलेल्या विधवा आपली कर्मकहाणी स्वतः सांगतात ती प्रकरणे आजही वाचवतात. ज्यांत लेखक पत्रिकेचा सूर धरतो ती वाचवत नाहीत. एकाच पुस्तकात दोन्ही साधने शेजारी शेजारी पडलेली दिसतात.

अमेरिकन मिशनचे 'ज्ञानोदय' जून १८४२ मध्ये अहमदनगर येथे निघाले. मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत चालणारे हे पत्र मुळात पत्रिकेचेच कार्य करण्यासाठी काढले गेले होते. पण नियतकालिक हा प्रकार चालकांच्या हेतूला पुरता बांधला राहत नाही. त्याला अंक भरावे लागतात, पत्रव्यवहार घ्यावा लागतो, विरोधकांच्या पत्रांना उत्तर द्यावे लागते. आणि उत्तर देताना विरोधकाचे म्हणणे निदान काही अंशी आपल्याच पानावर छापावे लागते. 'प्रभाकरा'सारखी पत्रे त्याच वेळी मुंबईत चालू होती. मिशनरी आणि हिंदू पक्ष यांच्या वादाला यामुळे सार्वजनिक रंगभूमी मिळाली. हाच प्रकार अधिक प्रत्यक्ष रूपात १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी यांच्या सभांत घडला. त्या वादाचे वृत्तान्त दोन्ही पक्षांनी आपापल्या परीने प्रसिद्ध केले, आणि दोन्ही वृत्तान्तांत जयाचे पारडे स्वपक्षाकडे झुकावे हे अपेक्षितच होते. वाचकाला मात्र दोन वृत्तान्त मिळाले. प्रसारकार्याच्या हिशेबात याची नोंद होत नाही. विचारस्वातंत्र्याच्या इतिहासात मात्र ती करावी लागेल.

'ज्ञानोदया'च्या दीर्घ आयुष्यातील सर्वांत संस्मरणीय लेखन मिशनरी लेखणीतून उतरलेले नाही. १८५५ च्या फेब्रुवारी व मार्चमध्ये त्यात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत छापला गेला. लेखिका मुक्ता साळवे ही पुण्यात जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातील मुलगी होती. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचे धर्मपुस्तक कोणते, आमचा धर्म कोणता, हे देवा तूच आम्हांस सांग, अशा आशयाचा प्रश्न ती उपस्थित करते. मिशनरी संपादकास या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी तयार आहे असे वाटले असणार, आणि निबंध छापण्यामागे तो हेतू नव्हता असे मानणे भाबडेपणाचे होईल. परंतु निबंध ते उत्तर देत नाही. तो प्रश्नच करीत राहतो. साष्टीच्या ब्राह्मणाचा प्रश्न स्टीफन्स यांनी आपल्या ओवीत रचला होता. येथे प्रश्नकर्तीने आपला प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहिला. मधल्या २३९ वर्षांत श्रोत्याच्या स्थानात झालेला हा फरक लहान नाही. मराठी दलित साहित्याचे आद्य स्वर शोधणाऱ्या अभ्यासकाला आज मिशनच्या पत्राची पाने उलटावी लागतात, याचे श्रेय पत्रचालकांच्या उदारतेइतकेच नियतकालिक या प्रकाराच्या मोकळ्या घडणीला आहे.

ख्रिस्ती कीर्तन हा या परंपरेतील सर्वांत धाडसाचा प्रयोग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर परिसरातील देशी ख्रिस्ती मंडळींत तो रुजला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या गीतकारांनी देशी चालींवर पदे रचून त्याची पूर्वतयारी केली होती. कीर्तनाची बांधणी विचारात घेतल्यावाचून या प्रयोगाचे मोल कळणार नाही. नारदीय पद्धतीत नमन, मूळपद व निरूपण यांचा पूर्वरंग, मग आख्यानाचा उत्तररंग, शेवटी आरती. बुवा उभा, मागे झिलकरी, हाती झांज किंवा चिपळ्या, साथीला मृदंग अथवा तबला-पेटी. श्रोते जमिनीवर दाटीने बसलेले, काही कडेला उभे, काही जाता जाता थबकलेले. प्रार्थनामंदिरात बाकावर बसलेल्या मंडळीस प्रवचन नीरस झाले म्हणून उठून जाण्याची सोय नसते, निदान सभ्यतेची सोय नसते. कीर्तनात ती आहे. पूर्वरंग लांबला की कडेचे लोक गळू लागतात, हे बुवाला डोळ्यांनी दिसते. मग तो आटोपते घेतो, एखादा दृष्टान्त पेरतो, झिलकऱ्यांना पद उचलावयास लावतो. निरूपणाची लांबी श्रोता ठरवितो.

मिशनरी प्रवचनात सिद्धान्त प्रधान आणि दृष्टान्त गौण असे. कीर्तनाने ते प्रमाण फिरविले. उधळ्या पुत्राची कथा प्रवचनात पापक्षमेचे उदाहरण म्हणून येते आणि दोन वाक्यांत संपते. आख्यानात तीच कथा घेतली की बापाचे घर, वाटणीचा तंटा, परगावचा दुष्काळ आणि थोरल्या भावाचा रुसवा या साऱ्यांना जागा द्यावी लागते. थोरल्या भावाचा रुसवा तर मराठी एकत्र कुटुंबात वाढलेल्या श्रोत्याला बापाच्या क्षमेपेक्षाही जवळचा. सिद्धान्ताच्या काटेकोरपणाची यात हानी होते, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदी निराधार नाही. पण शुभवर्तमानातील मूळ दृष्टान्तही थोरल्या भावापाशीच, त्याचे उत्तर न सांगता, थांबतो. कीर्तनकार येथे प्रवचनकारापेक्षा मूळ संहितेला अधिक जवळ गेला असे म्हणण्यास जागा आहे.

या प्रयोगाला एक सामाजिक बाजूही होती. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांच्या वस्तीतील परिचित प्रकार म्हणजे भजन, गोंधळ, पोवाडा, तमाशा. नारदीय कीर्तन हे बहुतांशी देवळाच्या सभामंडपातले, आणि त्या सभामंडपात त्यांना प्रवेश नव्हता. तेव्हा ख्रिस्ती कीर्तनाला 'परिचित देशी साधनाचा उपयोग' असे जे वर्णन मिशनच्या लेखनाच्या रूढीने चालत आले आहे, ते अर्धेच खरे आहे. त्या श्रोत्यांना हे साधन दुरून परिचित होते, हक्काने नव्हते. आपल्या वस्तीत, आपल्यासमोर, बुवा उभा राहतो आणि निरूपण आपल्याला उद्देशून होते, ही नवी गोष्ट होती. पोवाडा किंवा तमाशा यांचा उपयोग मिशनने फारसा का केला नाही, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. शिष्टतेच्या कल्पना याला कारण झाल्या, असे दिसते. आणि त्या कल्पना जेवढ्या पाश्चात्त्य मिशनऱ्यांच्या होत्या तेवढ्याच उच्चवर्णीय देशी ख्रिस्ती पुढाऱ्यांच्याही होत्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या हाती हे साधन आले तेव्हा त्याचे स्वरूप पालटले. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, हे त्यांचे सांगणे सुप्रसिद्ध आहे आणि त्याचा उच्चार भाबड्या कौतुकाने फार होतो. त्यातील टोक लक्षात घेतले पाहिजे. पूल ओलांडल्यावर पाडून टाकावयाचा असतो, असे टिळकांना वाटत नव्हते. पूर्वीच्या प्रयोगांत अभंग किंवा कीर्तन हे 'त्यांच्या'पर्यंत पोचण्याचे साधन होते. टिळकांना ते स्वतःच्या भक्तीची भाषा म्हणून हवे होते. साधन आणि साध्य यांतील भेदच येथे विरून जातो. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा जो मोठा वाटा आहे, त्याचे रहस्य हेच असावे. ती गीते कोणाला पटविण्यासाठी लिहिलेली नाहीत.

टिळकांच्या या भूमिकेची तर्कशुद्ध परिणती १९१७ मध्ये झाली. मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी त्यात यावेत, अशी कल्पना होती. कीर्तनाच्या मांडवात कोण कोणत्या नोंदवहीत आहे हे विचारले जात नाही. टिळकांनी मांडवाचा नियम मंडळीला लावून पाहिला. धर्मसंस्थेच्या दृष्टीने हा प्रकार अडचणीचा होता, कारण संस्था नोंदवहीवर चालते. टिळकांचे निधन १९१९ मध्येच झाल्याने दरबाराची कसोटी लागलीच नाही, आणि तो यशस्वी झाला असता की नाही याविषयी निर्णय देणे योग्य होणार नाही. परंतु लोकसंपर्काची एक पद्धत पूर्णपणे स्वीकारली तर संस्थेच्या सीमा हलतात, हे त्याने दाखविले. आणि पद्धती स्वीकारताना संस्था जो संकोच करतात त्याचे कारणही त्यातच आहे.

टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले व ते १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. स्टीफन्स यांच्या पुराणाशी त्याची तुलना अनेकदा होते, पण ती अंमळ अन्यायाची आहे. लक्ष्मीबाईंच्या हातचे घरगुती, चटकदार कथन त्यात जागोजागी आहे. उणीव कवयित्रीची नाही, काळाची आहे. १९३८ पर्यंत सुशिक्षित मराठी घरांत पोथी लावून ऐकण्याची बैठक मोडत आली होती. बैठकीवाचून ओवी ही नुसती छापील ओळ होते. त्याच लेखिकेचे 'स्मृतिचित्रे' हे गद्य आत्मचरित्र ख्रिस्ती समाजाबाहेरील लक्षावधी वाचकांच्या घरांत गेले, आणि एका ख्रिस्ती संसाराची ओळख महाराष्ट्राला त्याने जेवढी करून दिली तेवढी कोणत्याही नियोजित प्रसारग्रंथाने करून दिली नाही. ते प्रसारासाठी लिहिलेले नव्हते, हे सांगावयास नकोच.

पंडिता रमाबाईंचे कार्य या सर्वांहून वेगळ्या दिशेने जाते. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून केले. त्याची जुळणी व छपाई सदनातील स्त्रियांनी केली. संपूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या निधनानंतर (१९२२) दोन वर्षांनी बाहेर पडला. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळावे म्हणून त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द टाळले, आणि हिंदू धर्मकल्पनांचा गंध असलेले शब्दही टाळले. स्टीफन्स व टिळक यांनी जे शब्द आपलेसे केले तेच रमाबाईंनी, ज्यांचे संस्कृतावरील प्रभुत्व वादातीत होते, जाणूनबुजून दूर ठेवले. परिणामी त्यांची मराठी काही ठिकाणी रुक्ष व परकी वाटते, आणि वाङ्मयीन निकषावर हे भाषांतर मागे पडते. तथापि येथे आणखी एक निकष आहे, आणि तो टीकाकारांनी पुरेसा वापरलेला नाही. ज्यांच्यासाठी ग्रंथ केला त्यांनीच तो खिळा खिळा जुळविला. श्रोता येथे साधनाच्या निर्मितीतच सामील झाला. पुराण ऐकणाऱ्या साष्टीकराला किंवा पत्रिका हाती पडलेल्या बाजारकऱ्याला हे स्थान कधी मिळाले नव्हते. मुक्ता साळवे हिला पत्रात दोन अंकांपुरते मिळाले होते. केडगावच्या स्त्रियांना कित्येक वर्षे मिळाले.

रोमन कॅथलिक धर्मसंस्थेत देशी भाषेचा प्रश्न दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सोडविला. ४ डिसेंबर १९६३ या एकाच दिवशी परिषदेचे दोन लेख प्रसिद्ध झाले : एक उपासनाविधीविषयक संविधान, ज्यामुळे लोकभाषेतील उपासनेची वाट मोकळी झाली, दुसरा सामाजिक संपर्कसाधनांविषयीचा हुकूमनामा. पहिल्याने श्रोत्याला उपासनेत सहभागी केले. दुसऱ्याचा विषयच साधने हा होता, पण त्याचा कल धर्मसंस्थेने ती वापरावीत, त्यांवर नैतिक देखरेख ठेवावी, याकडे राहिला. संपर्क म्हणजे उभयपक्षी संवाद, ही जाणीव १९७१ च्या विस्तृत मार्गदर्शनलेखात अधिक ठळक झाली. मराठी भूमीवर त्यातील आशय ज्या पत्राने प्रत्यक्षात आणला ते वसईचे 'सुवार्ता' मासिक. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या १९८३ ते २००७ या संपादनकाळात ते धर्मप्रांताच्या बातमीपत्राच्या पलीकडे गेले. वसईची शेती, पाणी, झाडे आणि बांधकामांचे आक्रमण हे विषय उपासनेच्या विषयांशेजारी आले. ख्रिस्तेतर लेखक त्यात लिहू लागले. हरित वसईच्या चळवळीत दिब्रिटो स्वतः उभे होते, तेव्हा मासिकातील शब्द व रस्त्यावरची कृती यांत अंतर राहिले नाही. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, त्याला या मराठी लेखनाची पार्श्वभूमी होती. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. 'सुवार्ता'चा अंक-अंक घेऊन अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे. 'ज्ञानोदया'प्रमाणे येथेही वाचकांच्या पत्रव्यवहारापासून आरंभ करणे फलदायी होईल.

संमेलनानंतर दोनच महिन्यांत महामारीने प्रार्थनामंदिरे बंद झाली. १२ एप्रिल २०२० चा पुनरुत्थानाचा सण अनेक मंडळ्यांनी दूरध्वनीच्या लहानशा पडद्यावर साजरा केला. मिस्सा, प्रवचन, गायन सारे पडद्यावर आले, आणि मंदिरे उघडल्यावरही ते कोठे कोठे चालू राहिले. हे साधन वरवर पाहता सर्वांत मोकळे. श्रोता तेथे लिहून प्रश्न विचारू शकतो, इतर श्रोत्यांना दिसेल असे उत्तर देऊ शकतो, क्षणात निघून जाऊ शकतो. पण यांतील बहुतेक प्रक्षेपणांची मांडणी मंदिरातील स्थिर कॅमेऱ्याची राहिली : समोर वेदी, खाली प्रतिसादांची ओळ, आणि त्या ओळीत आलेला प्रश्न वाचणारा कोणी नाही. कीर्तनाच्या कडेला उभा राहिलेला माणूस निघाला की बुवाला दिसत असे. येथे उपस्थितांचा आकडा एकाने कमी होतो. तो कोण होता आणि कोणत्या वाक्यावर उठला, हे वेदीपाशी उभ्या असलेल्या धर्मगुरूला कळण्याची व्यवस्था त्या मांडणीत केलेली नाही.